आमच्यामागे त्याचे कोण?

प्रत्येक गोतावळ्यात एक तरी माणूस असा असतो, की त्याच्याविषयी बोलताना घरातल्यांचा आवाज थोडा खाली येतो. लग्नकार्यात तो मांडवात दिसत नाही. वाजंत्री सुरू झाली की मागच्या खोलीत जाऊन बसतो. ताटात भाजीचा रस भाताला लागलेला त्याला चालत नाही. एसटीचे वेळापत्रक त्याला तोंडपाठ असते. पण समोरच्याने गमतीने काही म्हटले, तर ते तो शब्दशः खरे मानतो. अशा माणसांसाठी आपल्या भाषेत शब्दांची वानवा कधीच नव्हती. एककल्ली, तऱ्हेवाईक, घुमा, वेंधळा. या शब्दांत थोडी चेष्टा आहे आणि थोडी सांभाळून घेण्याची तयारीही आहे. वाचकहो, आपल्यापैकी काहींच्या घरी असा मुलगा, मुलगी, भाऊ किंवा पुतण्या असेल. आज तो चाळिशीचा असेल आणि आपण सत्तरीच्या पुढे गेला असाल. हा लेख मुख्यतः आपल्यासाठी आहे.

एका तालुक्याच्या गावी मी सत्तावीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो आहे. अशी कुटुंबे माझ्याकडे येतात ती सर्दी-खोकल्यासाठी, रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी. मनातला प्रश्न अगदी शेवटी येतो. औषधांची चिठ्ठी पिशवीत ठेवून आई उठते, दारापर्यंत जाते आणि पडद्याला हात लावून मागे वळते. "डॉक्टर, आमच्यामागे याचं कसं व्हायचं हो?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचा विचार करणे हे मी माझ्या व्यवसायाचेच काम मानतो.

आधी थोडे वैद्यकशास्त्र. डॉ. लिओ कॅनर यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे अकरा मुलांची निरीक्षणे १९४३ साली प्रसिद्ध केली आणि 'ऑटिझम' म्हणजे स्वमग्नता ही स्वतंत्र अवस्था वैद्यकाच्या पुस्तकात आली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत तिला वेगळे स्थान मिळायला १९८० साल उजाडले. आपल्याकडील १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. अर्थात आज जे चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांच्या लहानपणी या अवस्थेचे नाव सांगणारा डॉक्टर गावात मिळणे जवळजवळ अशक्य होते. त्यांच्या पालकांनी निदान करून घेतले नाही यात त्यांचा काहीही दोष नाही.

१९९०च्या दशकात 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द पुढे आला. माणसांचे मेंदू एकाच साच्याचे नसतात. स्वमग्नता, अतिचंचलता, वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता ही त्या वैविध्याचीच रूपे आहेत, असा त्याचा आशय. या शब्दाने अडचणी नाहीशा होत नाहीत. काहींना आयुष्यभर, दिवसाचे चोवीस तास मदत लागते, हे त्यांच्या आईइतके कोणाला ठाऊक असणार? परंतु 'याला दुरुस्त कसे करायचे' या प्रश्नाच्या जोडीला 'याच्यासाठी भोवतालचे काय बदलायचे' हा प्रश्नही त्या शब्दाने उभा केला.

येथे एक सूचना. ही वैशिष्ट्ये लहानपणापासून असतात. साठीनंतर एखादी व्यक्ती नव्याने अबोल, हट्टी किंवा गोंधळलेली दिसू लागली, तर त्याला 'स्वभाव' म्हणून सोडून देऊ नका. स्मृतिभ्रंश, कमी झालेले ऐकू येणे, नैराश्य, थायरॉइडचे विकार, 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता यांपैकी काही आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

आता कथेकडे वळू. कारण आपल्यापैकी बहुतेकांना या माणसांची ओळख दवाखान्याआधी चित्रपटगृहात झाली. 'चौकट राजा' १९९१ साली आला. दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून डोळे पुसत बाहेर पडलेले प्रेक्षक माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असतील. २००७ साली 'तारे जमीं पर' आला आणि त्यानंतर किती तरी पालक मुलाची वही घेऊन शिक्षकांकडे आणि डॉक्टरांकडे गेले. अक्षरे उलटसुलट लिहिणारे मूल आळशी नसते, हे एका चित्रपटाने घराघरांत पोहोचवले. कथेचे हे ऋण मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

पण या कथांनी नकळत एक अटही घातली. 'तारे जमीं पर'मधील मुलगा शेवटी चित्रकलेची स्पर्धा जिंकतो. १९८८ सालच्या 'रेन मॅन' या इंग्रजी चित्रपटातील डस्टिन हॉफमन यांचा रेमंड जमिनीवर सांडलेल्या काड्या क्षणात मोजतो. वेगळेपणाच्या बदल्यात काही तरी चमत्कार हवाच, अशी आपली समजूत होऊन बसते. "डॉक्टर, याच्यातही काही तरी विशेष गुण असेल ना?" असे मला विचारणारे वडील खरे तर विचारत असतात, की जगाने याला सामावून घ्यावे यासाठी देण्यासारखे याच्याजवळ काय आहे? बहुसंख्य स्वमग्न माणसांकडे अशी अचाट शक्ती नसते. ज्या किम पीक यांच्यावरून 'रेन मॅन'च्या पटकथाकाराला कल्पना सुचली, त्यांची स्मरणशक्ती अफाट होती. पण ते स्वमग्न नव्हते, असे तज्ज्ञांचे मत पुढे झाले. चित्रपटातील रेमंड अखेर संस्थेत परत जातो. किम यांची देखभाल मात्र २००९ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचे वडील करत होते.

अलीकडे कथेची वाट थोडी बदलली आहे. २०१४च्या 'यलो' या मराठी चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली. २०२५च्या 'सितारे जमीन पर'मध्ये अशा दहा कलाकारांनी काम केले. येथे ही माणसे कथेचा विषय होतीच. शिवाय कॅमेऱ्यासमोर उभी राहून ती आपले काम करत होती. माझ्या मते महत्त्वाचा बदल हाच आहे, आणि तो पडद्यावरून आपल्या बाजारपेठेत उतरायला हवा.

असे का म्हणतो, ते समजण्यासाठी कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिल्या मुलाची हकीकत पाहू. त्याचे नाव डोनाल्ड ट्रिप्लेट. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहान गावात १९३३ साली तो जन्मला. तिसऱ्या वर्षीच डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला संस्थेत ठेवण्यात आले. त्याला विसरून जावे, असा त्या काळी पालकांना सल्ला मिळे. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्या सल्ल्याविरुद्ध त्याला घरी आणले. वडिलांनी तेहतीस पानांचे टंकलिखित पत्र कॅनर यांना धाडले. पुढे काही वर्षे डोनाल्डला एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवले. त्याला आकडे मोजण्याचे वेड होते. त्या शेतकऱ्याने ते वेड मोडून काढले नाही. मक्याच्या ओळी मोजण्याच्या निमित्ताने त्याला नांगरामागे चालायला शिकवले.

डोनाल्ड पदवीधर झाला आणि गावातल्या बँकेत कामाला लागला. ती बँक स्थापन करणाऱ्यांत त्याचे आजोबा होते. घरची सुबत्ता होती, हे विसरून चालणार नाही. तो सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, देशोदेशी एकटा हिंडला. वडील १९८० साली गेले, आई १९८५ साली. त्यानंतर तो जवळजवळ अडतीस वर्षे त्याच घरात राहिला आणि २०२३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. आपण दारात उभे राहून जो प्रश्न विचारता, त्याचे एक उत्तर या अडतीस वर्षांत आहे. डोनाल्डविषयी विचारायला परगावचे पत्रकार आले, तेव्हा त्यांना गावकऱ्यांनी बजावले होते, की याला त्रास झाला तर गाठ आमच्याशी आहे. हे बजावणारी माणसे त्याचे नातेवाईक नव्हती. ती त्याच्या शाळेतली, चर्चमधली, कामाच्या ठिकाणची ओळखीची माणसे होती.

त्या गावात डोनाल्डची एक आख्यायिका होती. शाळेच्या इमारतीकडे एकदा नजर टाकून त्याने भिंतीतल्या विटांची संख्या सांगितली होती म्हणे. म्हातारपणी त्याला याविषयी विचारले, तेव्हा त्याने कबूल केले, की आकडा मनानेच ठोकून दिला होता. त्या मुलांचे आपल्याविषयी मत चांगले व्हावे एवढीच त्याची इच्छा होती. ही हकीकत वाचल्यापासून चमत्काराची कोणतीही कथा ऐकली, की मला त्या विटा आठवतात. जागा मिळावी म्हणून त्या मुलाला चमत्कार उभा करावा लागला. गावाने मात्र पुढे त्याला जी जागा दिली, ती त्या चमत्काराची किंमत म्हणून नव्हती.

कॅनर यांनी १९७१ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, त्या अकरा मुलांचा मागोवा घेतला. सरकारी संस्थांत दीर्घकाळ राहिलेली मुले मिटत गेली होती. समाजात राहून नीट काम करणाऱ्यांत दोघांची नोंद प्रामुख्याने आढळते. एक बँकेतला डोनाल्ड, दुसरा कागदांच्या प्रती काढणाऱ्या यंत्रावर नियमित काम करणारा तरुण. दोन्ही कामे अगदी साधी होती.

आता इकडचे सांगतो. आईच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. माझ्या दवाखान्यात गेली सहा वर्षे छत्तीस वर्षांचा एक तरुण केसपेपर लावण्याचे काम करतो. आई निवृत्त शिक्षिका, वडील नाहीत. आधी कापडाचे दुकान, कुरिअर आणि झेरॉक्स अशा तीन ठिकाणी तो लागला होता. कोठेही दोन महिन्यांवर टिकला नाही. "गिऱ्हाइकाकडे बघत नाही, सांगितलेलं कळत नाही," ही तक्रार सगळीकडची. माझे कंपाउंडर त्याच्या गल्लीत राहतात. त्यांनीच त्याला आणले.

त्याच्यासाठी आम्ही केले ते इतकेच. "जरा तिकडचं बघ" असे न म्हणता "दुसऱ्या कप्प्यातले केसपेपर आडनावाप्रमाणे लाव" असे सांगायचे. सूचना एकाच माणसाने, म्हणजे कंपाउंडरांनी द्यायच्या. दिवसाची कामे फळ्यावर क्रमाने लिहायची. दवाखाना बंद राहणार असेल, तर दोन दिवस आधी कळवायचे. त्याच्या टेबलावरची ट्यूबलाइट घूं घूं करत असे. आम्हाला ते ऐकूही येत नव्हते. ती बदलून एलईडी दिवा लावला. बोलताना त्याने आपल्याकडे पाहिलेच पाहिजे, हा आग्रह सोडला. या सगळ्याला पाचशे रुपयेही लागले नाहीत. तो फोन घेत नाही. सोमवारी, बाजाराच्या दिवशी गर्दी वाढली, की आतल्या खोलीत बसून काम करतो. त्याला महिन्याचा पगार मिळतो. दया म्हणून दिलेले पैसे नव्हेत.

दीड वर्षापूर्वी त्याची आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या गावी झाली. त्या तेरा दिवस तेथे होत्या. पुण्याचा चुलतभाऊ मुलाला न्यायला आला. हा जागचा हलेना. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. कंपाउंडर घरी गेले, तेव्हा तो कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसला होता. त्यांनी समजूत घातली नाही, हात धरून उठवले नाही. तासभर तेथेच भिंतीला टेकून गप्प बसले आणि निघताना म्हणाले, "उद्या साडेनऊला केसपेपर लावायचे आहेत." दुसऱ्या दिवशी साडेनऊला तो आला.

पुढचे दिवस पार पडले, कारण त्याच्याविषयी माहीत असलेली माणसे एव्हाना तयार झाली होती. त्याला पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत, हे रोज शेजारी बसून डबा खाणाऱ्या कंपाउंडरांना ठाऊक होते. त्यांच्या घरून कप्प्यांचा डबा येऊ लागला. समोरचे औषध-दुकानदार रात्री दुकान बंद करून त्याला घरापर्यंत सोडत आणि आतून कडी लागल्याचा आवाज ऐकूनच परत फिरत. आई रोज आठ वाजता फोन करून ठरलेले तीन प्रश्न विचारत. वॉकर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, तेव्हा मला म्हणाल्या, "डॉक्टर, पडले ते एका परीनं बरंच झालं. माझ्याशिवाय तेरा दिवस काढून झाले त्याचे." गॅस अजून तो एकट्याने पेटवत नाही. बँकेचे व्यवहार त्याला जमत नाहीत. पण या कामांची यादी आता करता येते. 'आमच्यामागे कोण' या एका मोठ्या भीतीचे तिने पाच-सात लहान कामांत रूपांतर केले आहे.

म्हणून माझे सांगणे असे, की अशा माणसाच्या नोकरीकडे केवळ कमाई म्हणून पाहू नका. पगार कमी असेल, काम दिवसाचे तीनच तास असेल. तरी त्या जागी त्याला ओळखणारी चार माणसे निर्माण होतात आणि त्यांचे वय आपल्याइतके नसते. घरात कोंडून केलेले प्रेम कितीही निखळ असले, तरी ते आपल्याबरोबरच संपते.

कायदाही आता पूर्वीपेक्षा बरा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सातांचे एकवीस प्रकार झाले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आल्या. सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण तीनवरून चार टक्के झाले. त्यांतील एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगता यांच्यासाठी मिळून आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाण किमान ४० टक्के असावे लागते. कर्मचाऱ्याच्या गरजेप्रमाणे कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी करून देणे हे सरकारी आस्थापनांचे कर्तव्य ठरवले आहे. बदललेला दिवा, लिहून दिलेली सूचना, शांत कोपरा या त्याच प्रकारच्या सोयी होत.

आपण काय करावे? वय झाले म्हणून निदानाचा कंटाळा करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा आणि जाताना त्याच्या बालपणाच्या आठवणी लिहून न्या. मोठ्या वयातल्या निदानाला त्यांचा फार उपयोग होतो. त्या आठवणी सांगू शकणारी माणसे बहुधा आपणच उरलेली असता. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड आपल्या हयातीत, आपल्या सोबतीने करून घ्या. अठरा वर्षांनंतर कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगता असणाऱ्या व्यक्तीला आवश्यकता असल्यास, १९९९च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचे संरक्षण आहे. सरकारी निवृत्तिवेतन मिळत असल्यास स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे का, हे कार्यालयात विचारून त्याचे नाव आताच नोंदवा. मृत्युपत्र वकिलाच्या सल्ल्याने करा.

आणि एक वही करा. ती आपल्याखेरीज कोणी लिहू शकणार नाही. तो काय खातो, कशाने घाबरतो, चिडला तर किती वेळाने शांत होतो, कोणत्या शब्दांत सांगितलेले कळते, दात दुखत असेल तर ते कसे ओळखायचे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे सारे तिच्यात लिहा. एक प्रत घरी, एक आपल्या डॉक्टरांकडे आणि एक त्याच्या कामाच्या ठिकाणी ठेवा.

ज्यांच्या घरी असा कोणी नाही, त्या वाचकांनाही एक विनंती. आपल्यापैकी कोणाचे दुकान असेल, कोणी वाचनालयाच्या, पतपेढीच्या किंवा सोसायटीच्या कार्यकारिणीवर असेल. पुस्तके क्रमाने लावणे, पावत्यांचे गठ्ठे बांधणे, झाडांना पाणी घालणे, पाकिटांवर पत्ते चिकटवणे अशी दोन-तीन तासांची कामे आपल्याकडे निघतात. शेजारच्या घरातील त्या अबोल मुलासाठी त्यांतले एक काम राखून ठेवा. ठरावीक वेळ, ठरावीक जागा, लिहिलेली सूचना आणि महिन्याच्या एक तारखेला पगार, एवढ्यावर सुरुवात करता येते. पहिल्या महिन्यात तो आपल्याशी बोलणार नाही, कदाचित आपल्याकडे पाहणारही नाही. तेवढे थांबा. येत्या एक तारखेपासून कोणते काम देता येईल, ते आजच त्याच्या आईला जाऊन सांगा.